भिंत

शेवटचा पेशंट गेल्यावर, रात्री साडेदहाला,
दस्तगीर शिकलगारनं मागच्या दारानं पोतं आत आणलं.
"वडणग्याच्या गुऱ्हाळात घावला, चिपाडाच्या ढिगात.
बाळासो चौगल्याची कोंबडी गिळलीया, नायलॉनच्या जाळीसकट.
मशीन फिरव की जरा, भावा."

मशीन माणसांचं. बिल कुणाच्या नावानं फाडायचं,
हे मी विचारलं नाही.
शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत, ट्यूबलाइटखाली,
आम्ही दोघांनी साडेसात फूट अजगर कॉटवर सरळ केला.
वनरक्षक मोरबाळे मफलर गुंडाळून दारातच उभे राहिले,
"चावत नाही ना," एवढं तीनदा विचारून.

माणसाचं हृदय मला झोपेतही सापडतं.
ह्याचं सगळंच लांबीत ओढलेलं, शेवईसारखं,
फुप्फुस, यकृत, सगळी बिऱ्हाडं एकामागं एक,
आणि हृदयाला ठाम जागा नाही:
मोठा घास उतरू लागला की ते बाजूला सरकून वाट देतं.
जेल लावलं. खवल्यांवरून प्रोब घसरत गेला.
डोक्यापासून अडीच वितींवर
पडद्यावर काहीतरी उघडलं, मिटलं.

वर दोन कप्पे. खाली एकच खोली.
सवयीनं मी भिंत शोधली.
अर्धीच होती.

दिवसभर मी हेच शोधत असतो,
मुठीएवढ्या छातीत, रडणाऱ्या बाळांच्या.
भिंतीत फट दिसली की हात थांबतो,
चेहरा थांबू द्यायचा नसतो, आई बघत असते.
इथं बघणारं कुणी नव्हतं. मी बघत राहिलो.
ठोका पडताना ती अर्धी भिंत पुढं होते,
समोरच्या मांसाला टेकते,
तेवढ्यापुरतं घर दोन खोल्यांचं.
मग परत एकच.

"ठोकं किती?"
"बेचाळीस."
"उपाशी असता तर निम्मंबी नसतं."
बारावी नापास दस्तगीर भिंतीला टेकून सांगत होता,
"गिळलं की काळीज वाढतंय ह्याचं. आतडी फुगत्यात.
पोटात आम्ल पाझराया लागतंय, हाडंसुदिक इरघळत्यात.
पचलं की समदं परत बारीक.
बंद गुऱ्हाळागत. ऊस न्हाई, तर चुलवाण कशाला पेटवायचं?"

माझी भट्टी रिकाम्या पोटीही पेटलेली असते.
खिशात पित्ताची गोळी होती,
ती मी पाण्याशिवायच गिळली.

"थंडीचं भ्या वाटतंय," तो म्हणाला.
ह्याची ऊब उसनी, बाहेरची.
गारठला, तर कोंबडी पचायच्या आधी कुजेल,
मग ओकेल, आणि जाळी अडकली तर तेही नाही.
मी फुगवट्यावरून प्रोब तीनदा फिरवला.
हाडांच्या सावल्या, पिसांचा धूर.
नायलॉन ह्या पडद्यावर उमटतं का, मलाच ठाऊक नव्हतं.
"दिसत नाही," मी म्हणालो.
दस्तगीरनं ते "नाही" असं ऐकलं
आणि मी दुरुस्त केलं नाही.

रात्रीपुरतं त्याला गुऱ्हाळावरच नेलं,
काहिलीच्या मागं, राखेच्या उबेला.
मोरबाळ्यांनी कागदावर काय लिहिलं, त्यांनाच माहीत.
मी कॉट स्पिरिटनं दोनदा पुसली.
गुळाचा वास तरीही राहिला.

सकाळी पहिली, गारगोटीहून पहाटेच्या एसटीनं आलेली
सुलाबाई, चार महिन्यांचं पोर छातीशी.
तिला कुणीतरी आधीच समजावून सांगितलं होतं.
पोर कॉटवर ठेवताना तिनं हळूच विचारलं,
"भिंत पुरी हाय न्हवं, दादा?"

अजून पडदा काळाच होता.
जेलची बाटली गार पडली होती.
पोर दचकू नये म्हणून
मी ती आधी दोन्ही तळहातांत धरून ठेवली.